यात्रेतून शिंगरू घरी आणलं, आता पुढे काय?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागतात. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा. मोठ्या घोड्याची किंमत ऐकून माणूस मागे सरकतो आणि शिंगराकडे वळतो. किंमत आवाक्यात असते आणि ‘आपल्या हाताखाली वाढेल, आपलंच ऐकेल’ अशी आशाही असते. आशा रास्त आहे. मात्र शिंगरू हाताखाली वाढलं म्हणून आपोआप ऐकत नाही. ते रोज काहीतरी शिकत असतं, आणि तुम्ही शिकवलं नाहीत तर ढकलायचं कसं, चावायचं कसं, दावं तोडायचं कसं हे शिकतं.

ज्यांनी आजवर बैल, म्हैस सांभाळली पण घोडा पहिल्यांदाच दारात आला, अशांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट इथे वारंवार येईल, कारण सगळं शिकवणं तिच्यावर उभं आहे: दोर ओढल्याने घोडा शिकत नाही, दोर ज्या क्षणी सैल होतो त्या क्षणी शिकतो.

घेण्याआधी

वय दातांवरून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावरून नाही. पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात पक्के होऊन तोंड भरतं. ‘तीन वर्षांचं आहे, उद्यापासून बसा’ असं कुणी सांगितलं आणि मधले दात अजून दुधाचे दिसले, तर उत्तर तुमच्यासमोर आहे. सहा महिन्यांच्या आतलं, आईपासून तोडलेलं शिंगरू घेऊ नका. स्वस्त मिळालं तरी नको. घोड्यांत कसं वागायचं हे ते आईकडून आणि बाकीच्या घोड्यांकडून शिकतं, आणि ते शिक्षण माणसाला देता येत नाही.

भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशा अंगावरच्या शुभ-अशुभ खुणांवर यात्रेत भाव ठरतो. ज्याची श्रद्धा असेल त्याने तेही बघावं, पण आधी शिंगरू कडक जमिनीवर चालवून घ्या. चालताना डोकं एका पायाच्या तालावर वरखाली होत असेल तर तो पाय दुखतो आहे. डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून घट्ट स्राव येतो का, जबड्याखाली गाठ आहे का, हे हात लावून बघा. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होतो. त्यामुळे रक्ततपासणीचा दाखला मागायला अजिबात संकोचू नका. दाखला असला तरी घरच्या जुन्या घोड्यापासून नव्याला दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा.

नवशिक्याने घोडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांनंतर वयात आलेला नर सांभाळणं हे अनुभवी हाताचं काम आहे.

विकणाऱ्याकडून त्याच्या रोजच्या चाऱ्यातला आठवडाभराचा चारा मागून आणा. घोड्याला उलटी होत नाही आणि त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं. अचानक बदललेला चारा पोटात अडकला की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने चांगला जनावर रात्रीत जातो. म्हणून जुना चारा कमी-कमी आणि नवा थोडा-थोडा वाढवत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करा.

जागा आणि पहिले दिवस

गावाशेजारचं खळं असेल तर उत्तम. आधी तिथली काटेरी तार काढा. बुजलेलं शिंगरू तारेत घुसतं आणि आयुष्यभराची जखम घेऊन बाहेर येतं. डोक्यावर निंबाची किंवा पत्र्याखाली गवत घातलेली सावली हवी. नुसता पत्रा मे महिन्यात भट्टी होतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे घोडा अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून आणि मागून दोरांनी, चोवीस तास बांधून ठेवायची सवय आहे. वाढत्या शिंगराला तसं बांधू नका. त्याची हाडं आणि स्नायू चालण्या-पळण्यातून घडतात, आणि दिवसभर जखडलेलं जनावर सोडलं की अंगात साठलेला जोर तुमच्यावरच काढतं. दिवसातले काही तास ते मोकळं असलंच पाहिजे. एकटंही ठेवू नका. दुसरा घोडा नसेल तर शेळी किंवा वासरू चालतं. घोडा कळपातला प्राणी आहे आणि एकटा असला की त्याला झोपही नीट लागत नाही.

चाऱ्याचा मुख्य आधार वाळलेलं गवत आणि कडब्याची कुट्टी, सोबत थोडा लसूणघास. थोडं-थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. भिजून काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा बैल खाईल, घोड्याला देऊ नका. कोवळी हिरवी ज्वारी किंवा कापल्यावर फुटलेले धुमारे तर नकोच. किराळ लागून गुरं मरतात हे आपल्याला माहीत आहे, ते विष घोड्यालाही बाधतं. सरकीची पेंड शिंगराला टाळा. आणि एक धोका फार कमी लोकांना ठाऊक असतो: कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असू शकतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याचं हृदय त्यांनी बंद पडतं. कोंबडीखाद्याचं पोतं आणि घोड्याचं दाणं एका खोलीत ठेवू नका. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यामुळे हौद कधी कोरडा पडू देऊ नका.

आता शिकवणं. पहिले दोन-तीन दिवस काहीच शिकवू नका. सकाळ-संध्याकाळ खळ्यात जा, चारा टाका आणि एका बाजूला उलट्या घमेल्यावर बसा. मोबाईल बघत बसलात तरी चालेल, शिंगराकडे टक लावून बघू मात्र नका. रोखून बघणं त्याला शिकाऱ्याचं लक्षण वाटतं. गावातली पोरं पहिल्या दिवशी गर्दी करतील. त्यांना प्रेमाने पण ठामपणे घरी पाठवा.

कधीतरी ते मागून येऊन तुमच्या खांद्याला, केसांना हुंगेल. तेव्हा हात पुढे करू नका, हुंगू द्या. हुंगून ते निघून गेलं तर जाऊ द्या.

जवळ जाणं आणि हात लावणं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे. म्हणून लाडाने सरळ कपाळावर हात ठेवायला गेलात की ते मान उडवतं, आणि मागून गुपचूप गेलात की दुगाणी बसते. दोन्हींत त्याचा दोष नाही. जायचं ते तिरकं, खांद्याच्या दिशेने, तोंडाने काहीतरी बोलत. ‘हो रे, हो’ एवढं पुरे, पण रोज तेच शब्द आणि तोच सूर.

दोन पावलं जा आणि त्याच्याकडे बघा. कान तुमच्याकडे वळलेत, मान जरा खाली आली, पाय जागेवर आहेत? मग लगेच तुम्हीच मागे वळून दोन पावलं लांब जा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. इतकं जवळ आलो, आता हात लावून घेऊ, असा मोह होतो. पण तुम्ही मागे गेलात हेच त्याचं बक्षीस आहे. आपण शांत उभे राहिलो की हा माणूस दबाव काढून घेतो, हे त्याला पहिल्यांदा कळतं. पुढच्या वेळी तीन पावलं, मग चार. ते सरकू लागलं तर पाठलाग नको. जिथे आहात तिथेच थांबा, ते थांबलं की मागे या. काही शिंगरं दोन दिवसांत हात लावू देतात, काही पंधरा दिवस घेतात. मार खाल्लेलं शिंगरू आणखी वेळ घेईल.

पहिला हात आयाळ जिथे संपते त्या मानेच्या मुळाशी, पाठीच्या उंचवट्यावर. घोडे एकमेकांना दातांनी नेमकं तिथेच खाजवतात. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटू नका, खाजवा. आपण शाबासकी म्हणून मानेवर धपाधप मारतो ती माणसाची रीत आहे, घोड्याला त्यात काही गोड वाटत नाही. बरोबर जागा सापडली की त्याचा वरचा ओठ लांब होऊन हलायला लागतो आणि मान वाकते. आनंदाने ते उलट तुम्हालाच दातांनी खाजवायला येईल. तेव्हा न रागावता तोंड बाजूला सारा.

तिथून हात खांद्यावर, छातीवर, पाठीवर, पोटाखाली, मग पायांवर न्या. कान आणि तोंड शेवटी. एखाद्या ठिकाणी अंग आखडलं तर हात झटकन काढू नका. तिथेच हलका ठेवा, आणि अंग ढिलं पडलं की काढा. झटकन काढलात तर आखडल्यावर हात जातो असा धडा मिळेल, आणि उद्या ते जास्त आखडेल. जे डाव्या बाजूने केलं ते सगळं उजव्या बाजूनेही करायचं. एकाच बाजूची सवय असलेला घोडा दुसऱ्या बाजूने अनोळखी माणसासारखा वागतो.

यानंतर रोज खरारा. धूळ निघते, गोचीड सापडतात, जखम वेळेत दिसते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोजचा हा वेळ तुमच्या दोघांचा असतो. खरारा गड्याकडे सोपवून तुम्ही फक्त बसायला आलात, तर घोडा गड्याचा होईल.

त्याचं बोलणं वाचायला शिका. ओठ चाटणं, चघळल्यासारखं तोंड हलवणं, लांब श्वास सोडणं म्हणजे ताण उतरतो आहे. कान मागे चपटे, शेपटीचे फटकारे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं म्हणजे पुरे झालं, अंतर ठेवा.

गूळ, गाजर हातातून भरवण्याचा सोस आवरा. शिंगरू हात आणि खाऊ यात फरक करत नाही, महिन्याभरात खिसे हुंगतं आणि मग चावतं. द्यायचंच तर घमेल्यात टाका.

मोहरकी आणि दोर

मोहरकी मऊ सुताची असावी. नायलॉनची दोरी ओढाताणीत नाकाच्या हाडावर कापते. आधी ती हुंगू द्या, मानेवर घासा, मग नाकावरून सरकवा आणि काढा. घातली-काढली, घातली-काढली, असं काही दिवस. मोकळ्या शिंगराच्या तोंडावर मोहरकी ठेवून निघून जाऊ नका, खुंटीत किंवा फांदीत अडकते.

आता तो मुख्य धडा. दोर हलकेच डावीकडे धरा. ओढू नका, नुसती ताण येईल एवढा धरा आणि थांबा. शिंगरू आधी उलट ताणेल. ताणू द्या, तुमचा जोर वाढवू नका, कमीही करू नका. केव्हातरी ते नाक बोटभर तुमच्याकडे वळवेल. त्याच क्षणी दोर पूर्ण सैल सोडा आणि मानेला खाजवा. बोटभर वळल्याचं बक्षीस तुम्ही मोजून पाच सेकंदांनी दिलंत, तर ते कशाचं होतं हे त्याला कळणार नाही. क्षण चुकला की धडा चुकला. चार-पाच वेळा असं झालं की नुसता दोर उचलल्यावर नाक वळू लागेल.

सरळ पुढे उभं राहून कधीही ओढू नका. समोरून ओढलं की घोडा मागे रेटतो, हा त्याचा स्वभाव आहे, आणि वजनात तो तुम्हाला हरवेलच. त्याच्या खांद्याशी उभे राहा, बाजूला ताण द्या. तोल सांभाळायला ते एक पाऊल टाकेल. सैल सोडा. एक पाऊल, मग दोन, मग खळ्याला एक फेरी. याच पद्धतीने थांबणं, आणि छातीवर बोटं टेकवून एक-एक पाऊल मागे सरणं शिकवा. मागे सरणं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी आहे. माणसाला ढकलून पुढे जायची सवय त्यानेच मोडते.

दोर हाताला गुंडाळू नका. हे तुमच्या मुलांना, गड्याला, पाहुण्याला, सगळ्यांना सांगा. बुजलेला घोडा गुंडाळलेल्या दोराने माणसाची बोटं तोडतो, फरफटत नेतो. दोराच्या घड्या तळहातावर धरा. पायात चप्पल नको, बूट घाला.

एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, फार तर दिवसातून दोनदा. चांगलं काहीतरी झालं की तिथेच थांबा. ‘आणखी एकदा करून दाखव’ म्हणून शेजाऱ्याला दाखवायला गेलात की कंटाळलेलं शिंगरू चुकतं, आणि धडा त्या चुकीवर संपतो.

बांधायला मोहरकीचा धडा पक्का झाल्यावरच शिकवा. खांब जमिनीत पक्का रोवलेला, दोर पाठीच्या उंचीला, आणि गाठ एका झटक्यात सुटणारी. खाटेला, फाटकाला, ट्रॉलीला बांधू नका. ती घेऊन घोडा पळाला की पाठीमागून येणाऱ्या आवाजाला घाबरून तो थांबतच नाही.

पाय देणं

नालबंद आल्यावर पहिल्यांदा पाय उचलायचा म्हणजे नालबंदावर आणि शिंगरावर दोघांवर अन्याय. खांद्यापासून हात खाली घासत न्या, गुडघ्याखालच्या शिरेवर हलका दाब द्या, पायावरचा भार कमी झाला की दाब काढा. पुढे खूर जमिनीपासून वीतभर उचला आणि ते ओढून घेण्याआधी तुम्हीच खाली ठेवा. त्याने ओढून घेतला तर पुन्हा उचला, क्षणभर शांत राहिलं की ठेवा. मागचे पाय शेवटी. त्या वेळी अंगाला चिकटून उभे राहा. दोन हात लांब उभं राहिलात तर लाथेचा पूर्ण जोर बसतो.

खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावेत. शिंगराला नाल लागत नाहीत. पावसाळ्यात आपली काळी माती खुराच्या तळात गच्च बसते आणि मधला मऊ त्रिकोणी भाग कुजून घाण वास येतो, म्हणून तेवढे महिने खूर रोज कोरून काढा. याच दिवसांत मोठ्या डंख मारणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रोग होतो. ताप येऊन उतरणं, पाय सुजणं, खाऊनही खंगणं दिसलं तर रक्त तपासा. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या वेळी. आणि शिंगरू लोळतंय, वळून पोटाकडे बघतंय, पाय आपटतंय, लीद टाकत नाही, असं दिसलं तर घरगुती काढे पाजत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

रस्ता

एक-दीड वर्षाचं, मोहरकीला वळणारं शिंगरू रस्त्याला न्यायला लागा. शक्य असेल तर एखाद्या शांत, वयस्क घोड्याच्या मागून. त्याच्याकडून जे शिकेल ते तुम्ही शिकवू शकत नाही. खान्देशच्या शिवारात बुजण्यासारखं पुष्कळ आहे: मिरची-पपईच्या शेतात फडफडणारा मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे, केळीचे ट्रक, एसटीचा हॉर्न.

बुजलं की त्या वस्तूकडे ओढत नेऊ नका आणि मारू तर नकाच. ‘दोन फटके दे, सरळ होईल’ म्हणणारे वाटेत भेटतील. फटक्याने ते एवढंच शिकतं की मल्चिंग पेपरजवळ खरंच दुखतं. जिथून वस्तू दिसते पण पाय ठरतात, तेवढ्या अंतरावर थांबा. बघू द्या, नाकपुड्या फुगवून फुरफुरू द्या. मान खाली आली की वळून लांब चला. मग पुन्हा या, थोडं पुढे.

ट्रॅक्टरसाठी एक हमखास उपाय आहे. शेजाऱ्याला सांगून ट्रॅक्टर हळू पुढे चालवायला लावा आणि शिंगरू लांबून त्याच्या मागे न्या. जे आपल्यापासून दूर जातं त्याची भीती वाटत नाही, उलट कुतूहल वाढतं. काही दिवसांत ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नाक लावेल.

मार्चपासून हे सगळं उजाडताना करायचं. ऊन चढल्यावर शिकवणं बंद. काम थांबवल्यावर दहा मिनिटांतही श्वास बसत नसेल तर सावलीत घ्या, मान, छाती, पोट आणि पायांवर पाणी ओता, आणि पाणी प्यायला द्या.

पाठीवर वजन

अडीच वर्षांचं शिंगरू उंचीने घोडा दिसतं आणि लोक बसायला उतावीळ होतात. पायांची हाडं साधारण त्या वयात पक्की व्हायला लागतात, पण पाठीचे मणके सर्वांत शेवटी, साडेपाच वर्षांच्या आसपास पक्के होतात. म्हणून दोन वर्षांनंतर पाठीवर नुसती घोंगडी टाका, पुढे रिकामं खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. एक भोक, दोन फेऱ्या, मग दुसरं भोक. मागे चालत लांब दोरांनी वळवायला शिकवा. लहान गोलात तासभर पळवणं बंद करा, त्याने सांधे जातात.

लगाम गुळगुळीत, मधे सांधा असलेला. काटेरी लगाम विकत मिळतो म्हणून तो चालतो असं नाही, १९६५ च्या नियमांनी त्याला देशभर बंदी आहे. ज्याने मोहरकीवर बोटभर ताणाने वळायला शिकवलं, त्याला काट्यांची गरजही पडत नाही.

तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पहिला स्वार हलका असावा. डोक्याशी शिंगराच्या ओळखीचा माणूस उभा करा. स्वाराने आधी पोटावर आडवं टेकायचं आणि उतरायचं, दोन्ही बाजूंनी. मग सावकाश पाय टाकून बसायचं, खाजवायचं, उतरायचं. चालणं दुसऱ्या दिवशी. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त भार पूर्ण वाढलेल्या घोड्यावरही नको. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो झाले. तिशीतल्या धष्टपुष्ट मालकाने तीन वर्षांच्या घोडीवर बसू नये. पहिलं वर्ष आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस मिनिटं, चाल आणि थोडी दुडकी एवढंच.

वरातीचं गिऱ्हाईक लवकर येतं, घोडी देखणी असेल तर पुढचीच तिथी मागतं. तोंड भरेपर्यंत, म्हणजे पाच वर्षांपर्यंत, हो म्हणू नका. मधल्या काळात ढोल आणि डीजे लांबून ऐकवा, रोज थोडं जवळून, चारा खाताना. मागच्या दोन पायांवर उभं करून नाचवायची मागणी झाली तर नाही म्हणा. त्यात मागचे सांधे आणि कंबर जाते. बयाणा घेतानाच सांगून टाका: घोडी चालेल, उभी राहील, नाचणार नाही.